उरलेले एकोणीस

अंगात जाड स्वेटर घाला, वरून कोट चढवा, कानाला मफलर गुंडाळा. कॅलेंडर एप्रिल दाखवतंय म्हणून फसू नका. तुम्ही निघालाय ते 18 एप्रिल 1981 च्या संध्याकाळी, अमेरिकेच्या ईशान्येला, ऱ्होड आयलंड या तिथल्या सर्वांत लहान राज्यातल्या पॉटकेट गावी. वारा बोचरा आहे. शनिवार आहे आणि उद्या ईस्टर.

तुम्हाला बेसबॉलची मॅच बघायची आहे. वर्ल्ड सिरीज नाही, न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम नाही. ही मायनर लीगची मॅच आहे. मोसमाच्या सुरुवातीची, महिन्याभराने कुणाला आठवूही नये अशी. यजमान पॉटकेट रेड सॉक्स, पाहुणे रॉचेस्टर रेड विंग्ज. जेवणं उरकून निघालेले लोक अकरापर्यंत घरी परतायचा हिशेब करून आलेत. पुढचं ठाऊक आहे ते फक्त तुम्हाला. म्हणून खाण्याचं काहीतरी जवळ ठेवा आणि कुणालाही काही सांगू नका.

संध्याकाळी सात

मैदानाकडे जाताना दोन्ही बाजूंना लाल विटांच्या इमारती लागतात. या गिरण्या. 1790 मध्ये सॅम्युएल स्लेटर नावाच्या तरुण इंग्रजाने याच गावात, ब्लॅकस्टोन नदीच्या पाण्यावर सूत कातणारी यंत्रं चालवून दाखवली आणि अमेरिकेत गिरणीयुग सुरू झालं. 1793 मध्ये बांधलेली त्याची गिरणी अजून नदीकाठी उभी आहे. तुम्ही आलात तोवर मात्र कापडधंदा केव्हाच दक्षिणेकडे सरकलाय. बऱ्याच गिरण्यांचे भोंगे बंद पडलेत आणि गावाच्या खिशाला भोक पडलंय.

मॅक्कॉय स्टेडियम 1942 चं. महापौर टॉमस मॅक्कॉय यांनी मंदीच्या काळात हट्टाने दलदल बुजवून ते बांधायला घेतलं. पायाच दलदलीत, त्यात पैसा जिरत गेला आणि गावाने या उद्योगाला वेडेपणा म्हणून नावं ठेवली. पुढे संघ आले आणि गेले. 1977 मध्ये इथल्या दिवाळखोर संघाला मालक मिळाला तो बेन माँडर. कॅनडाच्या क्वेबेकमध्ये जन्मलेला, लहानपणी शेजारच्या वूनसॉकेटमध्ये येऊन वाढलेला, कापडगिरण्यांत पैसा कमावलेला माणूस. बेसबॉलच्या धंद्यातलं त्याला फारसं कळत नव्हतं, पण गिरणीकामगाराचं कुटुंब संध्याकाळी कुठे जाऊ शकतं आणि त्याला काय परवडतं, हे त्याला नेमकं ठाऊक होतं. त्याने मैदान स्वच्छ केलं, तिकीट स्वस्त ठेवलं आणि आई-बापांनी पोरांना घेऊन निर्धास्त यावं, असं वातावरण तयार केलं.

आत गेलात की आधी खेळाडूंचं बसण्याचं ठिकाण, म्हणजे डगआउट, कुठे आहे ते बघा. बहुतेक मैदानांवर ते प्रेक्षकांच्या समोर असतं. मॅक्कॉयमध्ये ते स्टँडच्या खाली, मैदानाच्या पातळीवर दडलेलं आहे. वर बसलेल्या पोरांना खालचे खेळाडू दिसत नाहीत, हातही पोहोचत नाही. पोरांनी यावर तोड काढली आहे. कठड्यापाशी उभ्या असलेल्या त्या मुलाकडे बघा. दुधाची प्लास्टिकची मोठी बरणी, तिच्या एका बाजूला कापून केलेलं तोंड, आत एक चेंडू आणि पेन, मुठीला बांधलेली लांब दोरी. विहिरीत पोहरा सोडावा तशी तो ती बरणी खाली सोडतो, डगआउटच्या तोंडाशी हलवत ठेवतो आणि वाट बघतो. खालून एक हात येतो, चेंडू काढतो. थोड्या वेळाने दोरीला हिसका बसतो. पोरगा झरझर दोरी ओढून घेतो, चेंडूवरची सही दिव्याच्या उजेडात धरतो आणि शेजारच्याला विचारतो, हे कुणाचं नाव? शेजाऱ्यालाही वाचता येत नाही. तरीही तो चेंडू कोटाच्या खिशात जपून जातो.

कोण कुणाची सही घेतोय, हे त्या दोघांनाही आज माहीत नाही. मायनर लीगचं सगळं वैभव मला या न दिसणाऱ्या देवघेवीत दिसतं.

आठच्या सुमारास

मॅच लगेच सुरू होत नाही. दिव्यांच्या एका खांबाने दगा दिलाय. अर्धा तास सगळे गारठत बसून राहतात. शेवटी दिवे लागतात आणि आठच्या सुमारास पहिला चेंडू टाकला जातो. स्टँडमध्ये 1,740 माणसं आहेत.

बेसबॉल नवा असेल तर एवढं ध्यानात ठेवा. मॅच नऊ इनिंगची. प्रत्येक इनिंगमध्ये आधी पाहुणे बॅटिंग करतात, मग यजमान. तीन गडी बाद झाले की पाळी बदलते. चार बेस आहेत. बॅटरने पहिला, दुसरा, तिसरा ओलांडून परत होम प्लेटवर यायचं, की एक धाव. नऊ इनिंगनंतर बरोबरी असेल तर मॅच अनिर्णित सुटत नाही. दोघांनाही पाळी मिळून कुणीतरी पुढे निघेपर्यंत खेळत राहायचं. कसोटी क्रिकेट बघत वाढलेल्या माणसाला ही अट विचित्र वाटेल. आज रात्री या अटीचा अर्थ कळेल.

आता खेळाडू बघा. हे ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खाली. पॉटकेटचा संघ बॉस्टन रेड सॉक्सचा, रॉचेस्टरचा बाल्टिमोर ओरिओल्सचा. बॉस्टनचं फेनवे पार्क इथून गाडीने तासाभराच्या अंतरावर. या मैदानावरच्या प्रत्येकाचा जीव त्या तासाभरात अडकलाय. काही जण त्या वाटेवर सहा-सहा, सात-सात वर्षं आहेत.

रॉचेस्टरकडून तिसऱ्या बेसवर उभा आहे तो उंच, वीस वर्षांचा मुलगा कॅल रिपकेन. समोरच्या संघात त्याच जागी वेड बॉग्ज. 1976 पासून तो खालच्या लीगमधून एकेक पायरी चढत आलाय. बॅट चालते, पण पाय मंद आहेत, फटक्यात ताकद नाही, असं वरच्यांचं मत. तुम्हाला माहीत आहे की हे दोघंही पुढे कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये जाणार. रिपकेन सलग 2,632 मॅच खेळून बेसबॉलमधला सर्वांत अढळ विक्रम करणार. बॉग्ज 3,010 हिट्स, म्हणजे बेसवर पोचवणारे फटके, मारणार. आज त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

तुम्ही मात्र नजर पहिल्या बेसवर ठेवा. पॉटकेटचा तो दणकट गडी, डेव्ह कोझा. वायोमिंगमधल्या टॉरिंग्टन या छोट्या शेतीच्या गावचा. वय 26. हात भक्कम, फटका लांब, पण वेगाने वळणारा चेंडू त्याला छळतो. त्यात बॉस्टनच्या संघात पहिल्या बेससाठी टोनी पेरेझ आणि कार्ल यास्त्रेम्स्की ही दोन मोठी नावं बसलेली. वर जागा रिकामी होईल म्हणून कोझा वाट बघतोय.

साडेदहाच्या पुढे

पहिल्या सहा इनिंग कोरड्या जातात. सातवीत रॉचेस्टर एक धाव काढतं. नवव्या इनिंगला पॉटकेटची शेवटची पाळी आली तेव्हा 1-0 अशी स्थिती आहे आणि लोक कोटाची बटणं लावून उठायच्या बेतात आहेत.

तेवढ्यात चिको वॉकर डबल मारून दुसऱ्या बेसवर पोचतो. चेंडू टाकणाऱ्याचा, म्हणजे पिचरचा, एक चेंडू भरकटतो आणि वॉकर तिसऱ्यावर. मग रस लॅरिबी चेंडू उंच टोलवतो. झेल जातो, लॅरिबी बाद, पण झेल पूर्ण होताच वॉकर धावत सुटतो आणि होम प्लेट गाठतो. 1-1. उठलेले लोक खाली बसतात. आणखी एखादी इनिंग, दुसरं काय!

दहावी, अकरावी, बारावी. वारा मैदानात आतल्या दिशेने वाहतोय. जोरात मारलेला चेंडू वर जातो आणि कुणीतरी दोरी ओढल्यासारखा मागे येतो. पिचर ताजे येतात, बॅटरची बोटं गारठलेली. या थंडीत चेंडू बॅटच्या मुठीजवळ लागला की झिणझिण्या थेट खांद्यापर्यंत जातात. त्यामुळे मनगटं आखडतात, आणि मनगटं आखडली की धावा आटतात.

मध्यरात्र होते. ईस्टर लागला. झोपलेली पोरं खांद्यावर टाकून आई-बाप निघतात. त्यांना जाऊ द्या. त्यांचं काही चुकत नाही. स्टँडमध्ये आता इतकी कमी माणसं आहेत की पंचाचा शब्द न् शब्द वरच्या रांगेत ऐकू येतो.

बारा पन्नास

या वेळेला खरं तर खेळ थांबायला हवा. लीगचा नियम आहे: रात्री 12 वाजून 50 मिनिटांनंतर नवी इनिंग सुरू करायची नाही. पॉटकेटचा जनरल मॅनेजर माइक टँबरो हे पंचांना सांगायला जातो. पंच आपलं पुस्तक काढून दाखवतात. त्या वर्षी पंचांना दिलेल्या नियमांत ते वाक्यच नाही, कुठेतरी गळलंय. पुस्तकात नाही म्हणजे नियम नाही. खेळ चालू.

टँबरो लीगचे अध्यक्ष हॅरल्ड कूपर यांना फोन लावायला सुरुवात करतो. कूपर राहतात ओहायोमध्ये, शेकडो मैलांवर. फोन वाजत राहतो, कुणी उचलत नाही.

खाली डगआउटमध्ये धूर दिसेल. घाबरू नका. खेळाडूंनी लोखंडी पिंपात शेकोटी केलीय. लाकडी बॅटी थंडीत फटाफट मोडताहेत. मोडली की पिंपात. त्या संपल्यावर बाकांच्या फळ्या उचकटून जाळल्या जातात. गडी आळीपाळीने येऊन पिंपावर हात धरतात, कोट काढून पुढच्याच्या खांद्यावर टाकतात आणि बॅट घेऊन अंधारातून उजेडात जातात.

रॉचेस्टरच्या कॅचरकडे, डेव्ह ह्युपर्टकडे बघा. कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवा बसणारा. छातीवर, नडग्यांवर चिलखत, तोंडावर जाळी; प्रत्येक चेंडूला बसायचं, झेलायचं, परत फेकायचं. ह्युपर्ट पहिल्या चेंडूपासून बसतोय, आणि 31 इनिंगपर्यंत बसणार आहे. आपण पाच मिनिटं उकिडवं बसून बघावं, मग त्याची किंमत कळते.

एकविसावी इनिंग

हाच ह्युपर्ट एकविसाव्या इनिंगमध्ये डबल मारतो आणि रॉचेस्टर 2-1 असं पुढे जातं. स्टँडमधून आवाज येतो. तो निराशेचा आहे की सुटकेचा, हे ओळखणं कठीण. आता पॉटकेटने तीन गडी गमावले की सगळ्यांना घरी जाता येईल.

पॉटकेटची पाळी. कोझा बेसवर पोचतो. बॉग्ज बॅटिंगला. तुम्हाला त्याची कारकीर्द पाठ आहे, तरी श्वास रोखला जातो, कारण या क्षणी तो मायनर लीगमध्ये सहावा मोसम काढणारा, थंडीने काकडलेला पोरगा आहे. फटका बसतो, चेंडू मोकळ्या जागेत, कोझा होम प्लेटकडे धावत सुटतो. 2-2.

बॉग्जने नंतर सांगितलं की त्या वेळी संघातल्या मित्रांना आपल्याला मिठी मारायचीय की ठोसा मारायचाय, हेच त्याला कळेना. मला या प्रसंगात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की त्याला बाद होता आलं असतं. अर्ध्या रात्री, रिकाम्या मैदानावर, चेंडू मुद्दाम हुकवला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण ट्रिपल-एमधल्या खेळाडूची प्रत्येक पाळी कागदावर उतरते आणि तो कागद वर जातो. शिवाय चेंडू नीट आला की नीट मारायचा, हे वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगात मुरलेलं असतं. हात ऐकत नाही.

बाविसाव्यात पॉटकेटचा मॅनेजर जो मॉर्गन पंचांशी वाद घालतो आणि मैदानाबाहेर काढला जातो. दुसरा कुणी घरी जाऊन झोपला असता. मॉर्गन होम प्लेटमागच्या कुंपणाला असलेल्या एका भोकाला डोळा लावून उभा राहतो आणि तिथून मॅच बघत राहतो.

मग पॉटकेटच्या सॅम बोवेनचा तो फटका. चेंडू सेंटर फील्डच्या डोक्यावरून, भिंतीपलीकडच्या अंधारात जातो. संपली मॅच! गडी डगआउटमधून बाहेर पडू लागतात. आणि वारा तो चेंडू परत आणतो. सेंटर फील्डमधला डॅलस विल्यम्स भिंतीपाशी झेल घेतो. याच विल्यम्सच्या नावावर आज 13 वेळा बॅटिंग आणि शून्य हिट्स लागणार आहेत. पण हा झेल त्याने सोडला नाही.

रेकॉर्डबुकात आतापर्यंतची व्यावसायिक बेसबॉलमधली सर्वांत लांब मॅच 29 इनिंगची आहे, 1966 मधली, फ्लोरिडा स्टेट लीगमधली. तिसावी इनिंग सुरू होते तेव्हा तो विक्रम मागे पडतो. रॉचेस्टरमध्ये कुणीतरी अजून रेडिओ लावून जागं आहे, या विश्वासावर तिथले रेडिओ समालोचक बोलत राहिलेत.

पिचर जिम उंबार्गरकडे लक्ष द्या. तो तेविसाव्या इनिंगला आला आणि बत्तिसाव्यापर्यंत, दहा इनिंग, त्याने पॉटकेटला एकही धाव दिलेली नाही. दुसऱ्या कुठल्याही रात्री ही कामगिरी स्वतंत्र पूर्ण मॅच ठरली असती आणि वर्तमानपत्रात तिचा मथळा झाला असता. आज ती नुसती एक ओळ आहे.

चार वाजून सात मिनिटं

पहाटे कूपर शेवटी फोनवर सापडतात. अजून खेळ चालू आहे, हे त्यांना आधी खरंच वाटत नाही. मग ते संतापतात आणि हुकूम देतात: चालू इनिंग संपली की थांबवा.

बत्तिसाव्या इनिंगला रॉचेस्टरचा जॉन हेल होम प्लेटकडे धावतो. बोवेनची राइट फील्डमधून फेक सरळ कॅचरच्या हातात. बाद. पहाटे चार वाजता, आठ तास उभं राहून गारठलेल्या खांद्याने केलेली ही फेक अख्ख्या रात्रीतलं सर्वांत देखणं दृश्य आहे. इथे टाळ्या वाजवा. वाजवणारे फार नाहीत.

4 वाजून 7 मिनिटांनी खेळ थांबतो. 2-2. स्टँडमध्ये उरलेत 19 जण. तुम्ही विसावे, तुमची गणती होणार नाही. माँडर या सगळ्यांना मैदानाचे फुकट पास देतो.

पॉटकेटचा पिचर लुइस अपोंते आपलं काम उरकून आधी घरी गेला होता. इतका वेळ मैदानावर होतो, हे त्याच्या बायकोला काही पटेना. उद्याचा पेपर बघ, असं म्हणावं तर त्यातही निकाल नव्हता. छापखान्याची वेळ टळून गेल्यावर मॅच थांबली होती. बाकीचे खेळाडू गाड्या काढतात तेव्हा रस्त्यावर पहाटेच्या प्रार्थनेला निघालेली कुटुंबं दिसतात, नवे कपडे घातलेली. खेळाडूंना काही तासांत परत यायचंय. आज रविवार आहे आणि याच दोन संघांची पुढची मॅच आहे.

23 जून

दोन महिने पुढे या. कोट इथेच सोडा, आता उन्हाळा आहे. रॉचेस्टरचा संघ पॉटकेटला परत आला की ही मॅच पुरी करायची, असं ठरलं होतं. मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट घडली. 12 जूनला मेजर लीगचे खेळाडू संपावर गेले. फेनवेला कुलूप, यँकी स्टेडियमला कुलूप. दाखवायला मोठं बेसबॉलच उरलं नाही म्हणून सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे आणि दूरदूरचे वार्ताहर पॉटकेटला धावले. एप्रिलमध्ये 19 जण उरलेल्या स्टँडमध्ये आज 5,746 माणसं आहेत.

मेजर लीगच्या मालकांनी आणि खेळाडूंनी आपसातल्या वादातून दारं बंद केली, तेव्हा अमेरिकेला बेसबॉल दिला तो या बिनचेहऱ्याच्या पोरांनी. ते संपावर नव्हते. तो वाद त्यांचा नव्हताच.

तेहतिसावी इनिंग. पॉटकेटचा पिचर बॉब ओहेडा रॉचेस्टरला धाव करू देत नाही. पॉटकेटची पाळी. रॉचेस्टरच्या स्टीव्ह ग्रिलीचा चेंडू मार्टी बॅरेटच्या अंगावर लागतो, म्हणून त्याला पहिला बेस मिळतो. वॉकरची हिट, बॅरेट तिसऱ्यावर. लॅरिबीला मुद्दाम चालत पहिल्या बेसवर जाऊ देतात. तिन्ही बेस भरलेले, एकही गडी बाद नाही. पिचर बदलतो, क्लिफ स्पेक येतो. आणि बॅटिंगला येतो डेव्ह कोझा.

वळणारा चेंडू येतो. तोच, जो त्याला आयुष्यभर छळत आलाय. कोझा वाकतो, हात लांबवतो आणि चेंडू डावीकडे मोकळ्या जागेत टाकतो. बॅरेट होम प्लेटवर उडी मारून पोचतो. 3-2. आज खेळ चालला फक्त 18 मिनिटं. दोन्ही मिळून 8 तास 25 मिनिटं, 33 इनिंग. एवढी लांब व्यावसायिक मॅच आधी झाली नव्हती आणि नंतरही झालेली नाही.

कोझाला खांद्यावर घेतायत, कॅमेरे त्याच्याभोवती आहेत. 14 वेळा बॅटिंग, पाच हिट्स, शेवटची विजयाची. त्या मॅचमध्ये बॉग्जच्या चार हिट्स, रिपकेनच्या दोन. कोझाच्या चेहऱ्याकडे बघाल तर त्याला वाटतंय ते वाचता येईल: आता तरी बॉस्टनहून फोन येईल.

तुम्हाला माहीत आहे की येणार नाही. ऑगस्टमध्ये रिपकेन बाल्टिमोरला जाईल. पुढच्या वर्षी बॉग्ज बॉस्टनला जाईल. 1986 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्या रात्रीचे बॉग्ज, बॅरेट, रिच गेडमन आणि ब्रूस हर्स्ट बॉस्टनकडून खेळतील आणि समोर न्यूयॉर्क मेट्सकडून पिचिंग करेल ओहेडा. बॉग्ज 2005 मध्ये, रिपकेन 2007 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये जाईल. कोझा मात्र मेजर लीगमध्ये एक मॅचही खेळणार नाही.

हे त्याला आत्ता सांगाल का? मी सांगणार नाही. त्याला दुखवायचं नाही म्हणून नव्हे, तर त्या माहितीने या फटक्याची किंमत रतीभरही कमी होत नाही म्हणून. त्या मॅचमध्ये मैदानावर असलेल्या दोन हॉल ऑफ फेमरांपेक्षा तो सरस खेळला, हे कागदावर आहे. वरचं दार उघडणं त्याच्या हातात नव्हतं. समोर आलेला चेंडू त्याच्या हातात होता, आणि तो त्याने मारला.

परतीच्या वाटेवर

अशी मॅच आता पुन्हा व्हायची नाही. 2018 पासून मायनर लीगमध्ये दहाव्या इनिंगपासून प्रत्येक पाळीला एक गडी आयताच दुसऱ्या बेसवर उभा करतात, म्हणजे धाव लवकर होते आणि मॅच लवकर संपते. पिचरचे खांदे वाचतात, लोक वेळेवर घरी जातात. कारणं खोटी नाहीत, पण पॉटकेटची रात्र ज्या अटीतून जन्मली ती अट त्यामुळे संपली. पॉटकेटचा संघही गेला. 2020 चा मोसम कोविडने गिळला आणि 2021 मध्ये संघ शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टरला नव्या मैदानावर गेला. रिकामं पडलेलं मॅक्कॉय 2025 मध्ये पाडायला घेतलं. त्या जागी गावाची शाळा व्हायची आहे.

मायनर लीग मात्र आहे. अमेरिका-कॅनडात मेजर लीगला जोडलेले 120 संघ आजही खेळतात. न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, कॅलिफोर्नियात तुमची लेक-जावई राहत असतील, पोरगा शिकत असेल, तर त्यांच्यापासून फार लांब नसलेलं एखादं मैदान सापडेल. भारतातून गेलेली माणसं नायगारा बघतात, न्यूयॉर्क बघतात; एक संध्याकाळ इथेही काढा. डगआउटजवळचं तिकीट घ्या, ते परवडणारं असतं. उद्याचा मोठा खेळाडू कोण, हे हुडकत बसू नका. त्याच्यासाठी जग वाट बघतंय. सहा-सात वर्षं याच पायरीवर काढलेल्या, वर जायची आशा आता बारीक झालेल्या आणि तरीही प्रत्येक चेंडूवर जीव टाकणाऱ्या गड्याकडे बघा. आपल्यातल्या बहुतेकांचं आयुष्य त्याच्यासारखं असतं: काम चोख, बढती दुसऱ्याच्या हातात. त्याच्या नावाने टाळ्या वाजवा आणि शेवटचा गडी बाद होईपर्यंत जागेवरून उठू नका.